फडावरचे ताट



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जेवणाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने भाकरीच्या चौकशा कशाला कराव्या, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण उसाच्या फडातच जन्मलेले एक जेवण जगाच्या दुसऱ्या टोकाला आजही खाल्ले जाते, आणि ज्या उसाने ते जन्माला घातले तो ऊस मात्र तिथे राहिलेला नाही. ही हकीगत ऊसवाल्याने ऐकण्यासारखी आहे. शेवटपर्यंत वाचावी, मग आम्हाला बोल लावावा.

धुऱ्यावरची पंगत

गेल्या हंगामातली गोष्ट. तोडणीचा कार्यक्रम तपासायला आम्ही एका सभासदाच्या वावरात गेलो होतो. दुपारचे साडेबारा झाले होते. मराठवाड्यातून आलेल्या टोळीने कोयते खाली ठेवले. शेजारच्या तुरीत काम करणाऱ्या गावच्या बायाही धुऱ्यावर आल्या. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मध्य प्रदेशातला, तोही आला. बाभळीच्या सावलीत सगळ्यांचे डबे उघडले.

"या न जी साहेब, भाकर खाऊन घ्या," एक मावशी म्हणाल्या.

आम्ही आमचा डबा घेऊन बसलो. टोळीकडे बाजरीची भाकरी आणि खरडा होता. गावच्या बायांकडे ज्वारीची भाकर, चून आणि सोल्याची भाजी, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्याची. ड्रायव्हरने मक्याच्या भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या, सोबत जवसाची चटणी. मावशींनी आमच्या डब्यात डोकावून पाहिले. पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी.

"बटाटा घरचा काय जी?"

"नाही मावशी, बाजारातला."

"आन कणीक?"

"तीही दुकानातलीच."

त्या काही बोलल्या नाहीत. दोन चमचे सोल्याची भाजी आमच्या झाकणात वाढली. मग खरडा इकडे आला, चून तिकडे गेले, मक्याची भाकर चार ठिकाणी मोडली गेली. दहा मिनिटांत कुणाचा डबा कुणाचा हे सांगता येईना. आम्हाला त्या दिवशीचे जेवण असे लागले की घरी आल्यावर रात्री भूकच नव्हती.

तेव्हा आम्हाला हवाई बेटांची आठवण झाली. तिथे आम्ही गेलेलो नाही, जाण्याची ऐपतही नाही. पण उसाच्या धंद्यात असल्यामुळे त्या बेटांविषयी मिळेल ते वाचण्याची जुनी खोड आहे.

काऊकाऊचा डबा

हवाई ही पॅसिफिक महासागरातली बेटे. १९५९ पासून ती अमेरिकेचे एक राज्य आहेत. तिथले मूळ रहिवासी होड्यांतून आले तेव्हा सोबत जी रोपे घेऊन आले त्यांत ऊसही होता. पण ते ऊस खात, चघळत, गाळत नसत. व्यापारी मळा पहिल्यांदा १८३५ साली काउआई बेटावर कोलोआ येथे निघाला. पुढे मळे वाढले, माणसे कमी पडू लागली. मग मळेवाल्या कंपन्यांनी कराराने बाहेरून मजूर आणले. १८५२ मध्ये चिनी आले. १८७८ मध्ये पोर्तुगीज. १८८५ पासून जपानी मोठ्या संख्येने आले. १९०० मध्ये पोर्तो रिकोचे, १९०३ मध्ये कोरियाचे आणि १९०६ पासून फिलिपिन्सचे लोक आले. ऊस एक, पण भाषा सहा-सात.

कंपन्यांनी त्यांना वेगवेगळ्या वस्त्यांत ठेवले. जपान्यांची वस्ती वेगळी, फिलिपिनोंची वेगळी. लोक एकत्र आले नाहीत तर मजुरी वाढवून मागणार नाहीत, हा हिशेब. पण दुपारी फडात जेवायला बसताना ही कुंपणे टिकत नसत. प्रत्येकाकडे दोन मजली पत्र्याचा डबा असे. त्याला तिथल्या मिश्र बोलीत 'काऊकाऊ' डबा म्हणत. काऊकाऊ म्हणजे जेवण. खालच्या कप्प्यात भात, वरच्या कप्प्यात कालवण. जपान्याकडे खारवलेली मासळी किंवा लोणचे, कोरियावाल्याकडे तिखट आंबवलेली कोबी, फिलिपिनोकडे व्हिनेगरमध्ये शिजवलेले मांस, पोर्तुगीजाकडे सॉसेज. डबे मध्ये ठेवायचे आणि सगळ्यांनी खायचे. आमच्या धुऱ्यावर त्या दिवशी जे घडले तेच तिथे पन्नास वर्षे रोज घडत होते.

यातूनच 'प्लेट लंच' निघाले. १९३० च्या सुमारास जेवणाच्या गाड्या मजुरांच्या कामाच्या ठिकाणी जाऊ लागल्या आणि डब्यातले जेवण कागदी ताटलीत आले. त्याचा साचा ठरून गेला: भाताच्या दोन मुदी, एक चमचा मॅकरोनीचे सॅलड, आणि शेजारी एक भरभक्कम कालवण, कोंबडी, मासळी नाहीतर डुकराचे मांस. यात भात आशियाचा, मॅकरोनी युरोप-अमेरिकेची, कालवण ज्याचे त्याचे. पुढे हिलो गावात १९४९ च्या सुमारास भातावर खिम्याची टिक्की, वर अंडे आणि रस्सा असा एक प्रकार निघाला, तोही लोकांनी ताटलीत सामावून घेतला. आज हॉनोलुलूतला वकील आणि बंदरावरचा हमाल दोघेही हे जेवण जेवतात.

एका ताटात जेवणारी माणसे पुढे एका मागणीवर उभी राहिली, हेही सांगितले पाहिजे. १९४६ साली सर्व जमातींचे सुमारे २६,००० ऊस कामगार ७९ दिवस संपावर राहिले आणि त्यांनी आपल्या मागण्या बऱ्याच अंशी मान्य करून घेतल्या. संपकाळात कामगारांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. मासे धरायला एक तुकडी, भाजी लावायला दुसरी, रांधायला तिसरी. पूर्वी एकेका जमातीचे संप मोडून काढले जात, हा मोडता आला नाही.

अळूचे पाणी उसाला गेले

आता दुसरी बाजू. हवाईच्या मूळ लोकांचे मुख्य अन्न भात नव्हे, 'कालो' होते. कालो म्हणजे आपला अळूच. कुणी त्याला धोपा म्हणतात. वनस्पती तीच, जात निराळी. आपण पाने खातो, ते कंदही खातात. कंद शिजवून, कुटून, पाणी घालून 'पॉय' नावाची घट्ट पेज करतात आणि पानात मांस गुंडाळून वाफवतात, त्याला 'लाऊलाऊ' म्हणतात. आपली अळूवडी आणि त्यांचे लाऊलाऊ चुलत बहिणीच म्हणा.

कालो धानासारखा वाहत्या पाण्याच्या बांध्यांत लावतात. उसालाही पाणी भरपूर लागते. माऊई बेटावर १८७८ पासून डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी कालव्यांनी वळवून कोरड्या बाजूच्या ऊसमळ्यांना नेले. ओढे आटले, कालोचे बांधे पडीक झाले, आणि पाण्याचे तंटे शंभराहून अधिक वर्षे चालले. चांगली जमीन उसाखाली आणि अननसाखाली, खाण्याचे मात्र बोटीने यायचे, अशी तिथली घडी बसली.

आणि ऊस तरी राहिला का? नाही. मजुरी, वाहतूक आणि जगाचे साखरेचे भाव यांपुढे एकेक कारखाना बंद होत गेला. शेवटचा कारखाना माऊईवर पूउनेने येथे होता. डिसेंबर २०१६ मध्ये त्याचा शेवटचा ऊस गाळला गेला आणि पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांचा धंदा संपला. १९१८ नव्हे, १९५० नव्हे, अगदी काल-परवाची गोष्ट. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याच्या जल आयोगाने माऊईच्या अनेक ओढ्यांना पाणी परत देण्याचा निर्णय दिला. पण तोवर दोन पिढ्या कालो लावायचे विसरल्या होत्या. आज त्या हिरव्यागार बेटांवर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी सुमारे ८५ ते ९० टक्के बाहेरून येते, असे सांगतात. बारमाही हवामान, सुपीक जमीन, आणि ताटातला भात समुद्रापलीकडचा!

तिथल्या जाणत्या लोकांना हे खुपू लागले. १९९१ मध्ये तिथल्या बारा आचाऱ्यांनी एकत्र येऊन ठरवले की आपल्या खानावळींत बेटांवरच्या शेतकऱ्याचा माल आणि बेटांवरची मासळी वापरायची. तोवर मोठ्या हॉटेलांत सगळे परदेशी यायचे. या आचाऱ्यांनी शेतकऱ्यांना सांगितले, तुम्ही अमुक भाजी लावा, आम्ही घेतो. हळूहळू टमाटे, पालेभाज्या आणि कालो पुन्हा लावणारे लोक उभे राहिले. प्लेट लंचही आता काही ठिकाणी बेटावरच्या मालातून होते. पण मोडलेली घडी बसवायला किती कष्ट पडतात, ते त्यांना विचारावे.

मगनवाडीची आठवण

आपल्या वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाही. हा विचार इथूनच देशभर गेला.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याला मगनवाडीत आले. जमनालालजी बजाजांनी आपली बाग आणि घर त्यासाठी दिले. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा बघत. १९३५ साली गांधीजी स्वतः मगनवाडीत राहायला होते आणि तिथल्या स्वयंपाकघरात त्यांचे प्रयोग चालत. हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, घाणीचे तेल, साखरेऐवजी गूळ, आणि आजूबाजूला आपोआप उगवणारा हिरवा पाला. 'हरिजन' पत्रातून त्यांनी त्या काळात या सगळ्यावर लेख लिहिले. लोकांच्या दारात उगवणाऱ्या भाजीकडे लोकांचेच लक्ष नाही, ही त्यांची तक्रार होती.

गंमत अशी की त्याच १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीन शिजवून वाढण्याचा प्रयोगही झाला. तेव्हा विदर्भात सोयाबीन कुणाच्या वावरात नव्हते. आज जिल्ह्यात जिकडे पाहाल तिकडे सोयाबीन आहे, पण आपल्या ताटात ते किती येते? पोत्यात भरून बाजारात जाते आणि तेलाच्या डब्यात परत येते.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. तिकडे पवनारला विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून, स्वतःच्या कष्टाने पिकवून खायचे. सोबत्यांसह ते कुदळ घेऊन जमीन खणत, विहिरीच्या कामाला लागत. आपल्याला इतके कडक व्रत झेपणार नाही, आम्हालाही नाही. जेवणात फोडणी नसेल तर आमचा घास उतरत नाही. पण त्या मोठ्या माणसांचे मूळ म्हणणे साधे होते. घराच्या आसपास जे येते ते आधी खा, मग बाजाराकडे वळा.

आणि आपल्या आसपास येते तरी किती! समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सेलूची केळी एकेकाळी दूरवर जात. गवळाऊ ही दुधाची आणि कामाची गाय याच जिल्ह्याची. वर्ध्याच्या गोरस भांडारचा गोरसपाक पाहुण्याच्या हातात दिल्याशिवाय आपण त्याला गाडीत बसू देत नाही. तूर, जवस, ज्वारी, अंबाडी, बरबटी, पोपटाच्या शेंगा, सांबार, मिरची. हवाईवाल्याला यातले निम्मे मिळाले तर तो नाचेल.

आमची चूक

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. हा लेख खरे तर तिच्यासाठीच लिहिला.

नोकरीत नवे होतो. कृषी पदविका ताजी होती आणि तणावर आमचा भारी राग होता. एका गावात आडसाली लागणीत रुंद पानाचे तण फार माजले म्हणून आम्ही टू-फोर-डी मारायला सांगितले. भाद्रपदाचे दिवस. फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी पाहणीला गेलो तर धुऱ्यालगत एक मावशी ओच्यात घोळाची भाजी भरत होत्या. घोळ म्हणजे ओलिताच्या सरीत जमिनीलगत पसरते ती जाड पानांची भाजी. पाने अजून टवटवीत दिसत होती, औषध लागायला वेळ असतो.

"मावशी, ती भाजी टाकून द्या. काल इथं औषध मारलंय."

त्यांनी ओच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"मंग मारायच्या आंधी सांगाचं होतं न जी. आमी तं नेहमीच नेतो इथून."

"काल नेली होती काय?"

"काल निंदणाले नव्हतो. परवा नेली."

आमचा जीव भांड्यात पडला. परवा औषध पडले नव्हते. मावशींनी ओचा झटकला आणि कामाला लागल्या. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी काय शिजले ते आम्ही विचारले नाही. विचारायला तोंड नव्हते. आमच्या लेखी ते तण होते. त्यांच्या लेखी ती पाच माणसांची भाजी होती.

गोष्ट इथेच संपली नाही. तोच फवारणीचा पंप नुसता एकदा पाण्याने विसळून शेजाऱ्याने कपाशीवर कीटकनाशकासाठी वापरला. आठ-दहा दिवसांत कपाशीची नवी पाने अरुंद, चिरलेली, भेंडीच्या पानासारखी येऊ लागली. कपाशी या औषधाला फार हळवी आहे. पंपाच्या तळाशी राहिलेला अंश, नाहीतर वाऱ्याने उडालेले तुषार, एवढेही तिला पुरते. दोन भावकीतली माणसे त्यावरून वर्षभर बोलत नव्हती. सल्ला आमचा होता. पंप वेगळा ठेवा, हे सांगायचे आमच्याकडून राहून गेले होते.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी प्रत्येक सभासदाला बजावतो, इथेही लिहून ठेवतो.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. त्यावर रंगाचा पट्टा ओढा आणि तो कीटकनाशकाला वापरू नका.

शेजारी कपाशी, तूर किंवा भाजीपाला असेल तर टू-फोर-डी मारू नका. वारा असेल तर मुळीच नाही.

उसात आंतरपीक असेल तर आधी आम्हाला विचारा. जे औषध घोळ मारते ते हरभरा, मेथी आणि भुईमूगही मारते. तिथे खुरपे आणि डवराच बरा.

आणि फवारणीच्या आदल्या दिवशी निंदणाऱ्या बायांना सांगा. फवारलेल्या तुकड्याच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची चिंधी बांधा. तिथली भाजी, तिथले गवत, गुरांसाठीही, नेऊ नये. याला पैसा लागत नाही.

सरीतली भाजी

मग तण वाढू द्यायचे काय? नाही. ऊस लहान असताना तण माजले तर उतारा घटतो, यात वाद नाही. पण ती जागा मोकळी ठेवण्यापेक्षा आपल्या ताटाला लागेल असे काही तिथे लावले तर तणही दबते आणि घरचा बाजारही वाचतो. ऊस पहिले तीन-चार महिने सावकाश वाढतो. दोन सऱ्यांमधली जागा तोवर उन्हात पडून असते. पाणी आपण देतोच.

पूर्वहंगामी लागण, म्हणजे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, यात हरभरा, कांदा, लसूण, मेथी, सांबार, कोबी चांगले येतात. सुरू लागणीत, १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीच्या, कांदा, उन्हाळी भुईमूग, मूग, भेंडी, काकडी घ्यावी. आडसालीत, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या, भुईमूग, बरबटी किंवा लवकर निघणारे सोयाबीन जमते. चार-पाच फुटांची सरी किंवा जोडओळ पट्टा असेल तर जागा जास्त मिळते. सगळ्या वावरात नको वाटत असेल तर घरालगतच्या पाच-सहा सऱ्या बायकोच्या, आईच्या हवाली करा आणि त्यांत तुमचे डोके घालू नका.

तीन पथ्ये पाळा. आंतरपिकाला त्याच्या वाट्याचे खत वेगळे द्या, नाहीतर ते उसाच्या ताटातले खाते. उंच वाढणारे आणि लांब मुदतीचे पीक सरीत घेऊ नका. आणि मोठ्या बांधणीच्या आधी, साधारण चार महिन्यांत, आंतरपीक निघालेच पाहिजे. या तीन गोष्टी पाळल्या आणि उतारा घटला तर आमच्याकडे या, आम्ही गट कार्यालयातच सापडतो.

धुऱ्यावर अंबाडी, तुरीचे चार तास, एखादा शेवगा, एखादा कढीपत्ता असू द्या. विहिरीच्या पाटाचे पाणी जिथे सांडते तिथे अळू लावा. एक कंद लावला की जन्मभर पुरतो. धुरे स्वच्छ ठेवा म्हणून सांगत फिरणारे आम्हीच होतो. आता सांगतो, धुरा मोकळा नको, कामाचा हवा.

करून पाहा

आम्ही एका रविवारी घरी प्लेट लंच करून पाहिले. आमच्या सौभाग्यवतींनी आधी हात जोडले, मग मदत केली. दोन वाट्या भाताच्या दोन मुदी पाडल्या. मॅकरोनी वाण्याकडून आणली, पण अंड्याच्या गोड-आंबट लोण्याऐवजी घट्ट दही, काकडी, सांबार आणि किसलेले गाजर घातले. तिथे कोंबडी सोयाबीनचा काळा सॉस, साखर आणि आले यांत शिजवतात. सोयाबीन आणि साखर, दोन्ही आपलीच पिके! आम्ही गावरान कोंबडी घेतली, सॉस थोडा घातला, साखरेऐवजी गूळ आणि आले-लसूण. गुळाने रश्शाला जो दाट तांबूस रंग आला तो साखरेने आला नसता. साखर कारखान्याच्या माणसाने असे लिहू नये, पण खरे ते खरे. मुलांनी मॅकरोनी संपवली. आईने भात आणि रस्सा घेतला आणि विचारले, "बाकी ठीक, पण यात भाजी कुठं हाय?" बरोबर बोलली.

तिची भाजी ही. प्लेट लंचपेक्षा ती आम्हाला कधीही वर वाटते.

अंबाडीची कोवळी पाने दोन जुड्या, धुऊन, चिरून, उकळत्या पाण्यात पाच मिनिटे शिजवावी आणि पाणी काढून टाकावे. म्हणजे जादा आंबटपणा जातो. मूठभर तुरीची डाळ, मूठभर ज्वारीच्या कण्या आणि थोडे शेंगदाणे वेगळे मऊ शिजवून घ्यावे. सगळे एकत्र करून डावाने घोटावे. हळद, मीठ, आणि सुपारीएवढा गूळ. वाटल्यास चमचाभर बेसन पाण्यात कालवून लावावे. वर तेल कडकडीत तापवून ठेचलेला लसूण आणि चार-पाच लाल मिरच्यांची फोडणी. लसूण तांबूस झाला पाहिजे, काळा नाही. ज्वारीच्या भाकरीवर ही भाजी घ्यायची, मध्ये खळगा करून फोडणीचे तेल पुन्हा वरून ओतायचे, शेजारी कांदा फोडायचा. यातले मीठ सोडले तर विकतचे काय आहे, मोजून पाहा.

शेवटी एवढेच

हवाईचा मजूर ज्या जमिनीत राबला ती त्याची नव्हती. पाच मोठ्या कंपन्यांच्या हाती ती बेटे होती. काय लावायचे आणि ओढ्याचे पाणी कुठे न्यायचे हे कंपनी ठरवी. आपली गोष्ट निराळी आहे. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर की कारखाना ऊसवाल्याचा असावा. जमीन तुमची, शेअर तुमचा, विहीर तुमची. मग सात-बारावर नुसता ऊस आणि घरात भाजी मात्र आठवडी बाजाराची, ही वेळ येऊ द्यायची की नाही, हेही तुमच्याच हाती आहे.

ऊस लावा. भरपूर लावा, चांगले बेणे लावा, त्यासाठी तर आम्ही पगार घेतो. साखरेचे भाव वर-खाली होतील, पावसाची खात्री नाही, कधी गाळप लांबेल, कधी बिल लांबेल. अशा वर्षी सरीतला कांदा आणि धुऱ्यावरची तूर घर तारते. हे आम्ही या गटातल्या किती तरी घरांत पाहिले आहे.

पुढच्या हंगामात तोडणी बघायला येऊ तेव्हा दुपारी तुमच्या धुऱ्यावर बसू. डबा आम्ही आणूच, आता त्यात अंबाडी असते. मावशी भेटल्या तर त्यांना सांगा, साहेबाच्या पाटाला अळू लागला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी